माझ्या एकटीचं घर

८ जानेवारी, सोमवार

मी कामाला आहे त्या दुकानातून दरवर्षी एक डायरी मिळते. आजवर तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिले. यंदा स्वतःबद्दल लिहिणार, कारण यंदा मी स्वतःचं घर घेणार आहे.

झालं असं, की आमची डोंबिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. तीन-चार वर्षं भाड्यानं कुठंतरी राहा आणि मग परत या. ही उस्तवार कोण करणार? घर दोघींच्या नावावर आहे, माझ्या आणि वन्संच्या. दोघींनी विकून टाकायचं ठरवलं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शेवंती. त्यांनी लग्न केलं नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून आम्ही एकाच स्वयंपाकघरात आहोत. आमचे हे गेले, मुलगी श्रेया लग्न होऊन ठाण्याला गेली, आणि उरलो आम्ही दोघी नि एक मिक्सर. त्या मिक्सरमध्ये वन्सं मला खोबरं वाटू देत नाहीत. पाट्यावरच वाटायचं.

आज जेवताना त्या म्हणाल्या, "मी गावाक जातंय. चुलतभावाकडे एक खोली रिकामी आसा."

मी म्हटलं, "मी परळ-दादरकडे बघते. दुकान जवळ पडेल."

"बरा."

"बरं."

मग दोघींनी एकदमच आमटीचा डाव धरला.

सुटले एकदाची! आता खोबरं मिक्सरमध्ये वाटीन, सकाळी सहाला रेडिओ ऐकावा लागणार नाही, आणि सोमवारी दुकानाला सुट्टी असते तेव्हा ऊन अंगावर येईपर्यंत झोपीन.

१५ जानेवारी, सोमवार

पहिलं घर पाहिलं, गिरगावात. आमच्या साड्यांच्या दुकानात काउंटरवर माझ्याबरोबर प्रिती असते, तिच्या ओळखीचा एजंट आहे, चिंतामणी. बोलतो फार, पण माणूस सरळ वाटला.

"ताई, अशी लोकेशन परत भेटणार नाय. खाली उतरलात की भाजी, खानावळ, देऊळ, सगळं चालत. चर्नी रोड चालत. चौपाटी चालत. रिक्षा-टॅक्सीचं झंझटच नाय."

खरंच देखणी इमारत. लाकडी कठडे, नक्षीचे खांब, खाली गल्लीत मुलांचं क्रिकेट. घर तिसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी आणि उभाच्या उभा. मी धापा न टाकता चढले. दिवसभर दुकानात उभं राहून पाय तयार झालेत. पण वर पोचल्यावर नको म्हटलं.

"का हो ताई?"

"गुडघा दुखत असला तर माणसानं हा जिना चढायचा कसा?"

"तुमचा दुखतो?"

"नाही."

चिंतामणी माझ्याकडे बघत राहिला. एजंट लोकांना पुढचा विचार नसतो.

२२ जानेवारी, सोमवार

दादर. वन्सं न बोलावता आल्या. म्हणाल्या, "तुका कोणीय फसवतलो." गेल्या गेल्या सगळे नळ सोडून बघितले, मोरीचा वास घेतला, शेजारच्या बाईला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. मला इतकी लाज वाटली!

घर तसं छान. लिफ्ट आहे, स्टेशन जवळ, हिंदमाताचं आमचं दुकान तर चपला घासायच्या आत येईल. वन्सं म्हणाल्या, "घे. तुका बरा." तरी मनात बसेना. खिडक्या दोनच आणि दोन्हींपुढे भिंत. उजेड नाही. शिवणाचं मशीन कुठं ठेवणार?

संध्याकाळी श्रेयाला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "आई, मशीन आत्याचं आहे."

"माहितेय मला."

"आणि ती गावाला चाललीय."

"माहितेय गं!"

"मग?"

"मग काय? घर कसं, मशीन मावेल असं पाहिजे."

ती हसत सुटली. हल्लीच्या मुलींना कशाचंही हसू येतं.

३० जानेवारी

काल शीवला एक पाहिलं. घर चांगलं, पण मच्छीबाजार लांब. मी स्वतः आठवड्यातून दोनदाच मासे खाते, रोज लागतात ते वन्संना. तरी लांब ते लांबच. चिंतामणीनं आज फोन करून विचारलं, "ताई, नक्की किती माणसं राहणार?"

"एक."

"एकच ना?" असं त्यानं दोनदा विचारलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

काळाचौकीला एक खोली निघाली. वन्संना म्हटलं, चला. त्यांचा जन्मच तिथला. सासरे गिरणीत होते, मीही लग्न होऊन तिथंच आले, आणि मग दोन-तीन वर्षांत आम्ही सगळे डोंबिवलीला गेलो. वाटलं, खूश होतील. तर तोंड फिरवून म्हणाल्या, "थय नको. थय माका नेव नको." आवडत नसेल तो भाग आता. मी एकटीच गेले.

गिरणीच्या काळातली दगडी पायाची इमारत, पुढे लांब गॅलरी. खोली पहिल्या मजल्यावर, जिना रुंद आणि बुटक्या पायऱ्यांचा. आत स्वतःचे मोरी-संडास करून घेतलेले. गॅलरीकडे मोठी खिडकी, दिवसभर उजेड. मशीन अगदी तिथं मावेल. खाली उतरलं की बाजार. एका अंगाला करी रोड स्टेशन, दुसऱ्या अंगाला कॉटन ग्रीन, दोन्ही चालत. दुकान दादरच्या घरापेक्षा लांब पडतं, हे खरं. पण दारात उभी राहिले आणि कुठंच जाऊ नये असं वाटलं. का, ते कळलं नाही.

खोली रामदास म्हणून एका निवृत्त गृहस्थांची. मुलीकडे पनवेलला चाललेत. खोली पागडीची आहे, म्हणजे मालकाची संमती घेऊन आपल्या नावावर करून घ्यायची. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "सगळ्या मजल्याला विचारून कळवतो. आमच्याकडे शेजार म्हणजे घरातलंच माणूस."

घरी येऊन वन्संना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. खाली बघूनच विचारलं, "खिडकी गॅलरीच्या बाजूक?"

"हो."

"बरा," म्हणाल्या आणि निवडलेले तांदूळ परत निवडायला घेतले.

९ फेब्रुवारी

वाईट बातमी. चिंतामणीचा फोन: लालबागचा कुणी मसाल्याचा व्यापारी ती खोली गोडाऊनला मागतोय. मिरचीची पोती ठेवणार! रामदास त्याच्याकडे झुकलेत म्हणे.

दिवसभर जीव लागेना. गिऱ्हाइकानं निळी साडी मागितली तर हिरवी उघडून दाखवली. घरी आले तर वन्सं म्हणाल्या, "कित्याक तोंड पाडलंस?" सांगितलं. म्हणाल्या, "मगे दुसरा बघ." इतकंच! या बाईला काळीज म्हणून नाही.

१३ फेब्रुवारी

वन्सं सकाळीच गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेल्या त्या दिवेलागणीला आल्या. पिशवीत लालबागचा चिवडा.

"डॉक्टर डोंबिवलीत, आणि चिवडा लालबागचा?"

"आता खयंय मिळता. स्टेशनार घेतलंय."

हल्ली सगळं सगळीकडे मिळतं हे खरं आहे.

१६ फेब्रुवारी

वन्सं परत डॉक्टरकडे. शिंकत शिंकत आल्या. दवाखान्यात एसी फार थंड आहे म्हणे. गुडघा कसा आहे विचारलं तर "खयचो गुडघो?" म्हणाल्या. वय झालं.

२० फेब्रुवारी

मिळाली! खोली मिळाली! रामदासांचा स्वतःचा फोन आला, "वैशालीताई, व्यापाऱ्याला नाही म्हटलं. खोली तुमची. तुमच्या घरची माणसं फार चांगली आहेत हो."

मी म्हटलं, "माझ्या घरची तुम्हाला कुठं भेटली?"

"ऐकू येत नाही, आवाज तुटतोय," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन नाचलेच. वन्सं म्हणाल्या, "मिळाला? बरा." आणि कोणता सण नाही काही नाही, केळं घालून शिरा केला. जाताजाता गोड वागायचं ठरवलं असेल.

१० मार्च, रविवार

वाटणी करताना भांडण होणार म्हणून मी पदर खोचून बसले होते. झालंच नाही. पातेली तुका, पाटा-वरवंटा तुका, मोठी परात तुका.

"आणि मशीन?"

"तुझ्याकडेच ऱ्हवांदे. गावाक माका कोण शिवूक सांगतला?"

आज सकाळी दिवा स्टेशनला त्यांना सावंतवाडीच्या गाडीत बसवलं. एक ट्रंक, एक पिशवी, बस्स. खिडकीतून म्हणाल्या, "रात्री गॅस बंद कर. कडी लाव."

"कळतं मला, वन्सं."

"हां. कळता तुका."

गाडी हलली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, मी हात हलवत राहिले. दिव्याला धूळ भयंकर. डोळ्यांतून पाणी थांबेना.

१८ मार्च, सोमवार

काळाचौकीत राहायला येऊन आठवडा होत आला. इतकं छान! दळण कोपऱ्यावर, चप्पल शिवणारा खाली, भाजी दारात. सकाळी दुकानात चालत जाते, वाटेत लालबागला मिरच्या कुटतात तिथं शिंकते, आणि पुढं जाते. डोंबिवलीत असताना दिवस प्रवासात जायचा. आता दिवस माझ्या हातात असतो.

शेजार तर देवानं दिल्यासारखा. पहिल्याच सकाळी शेजारच्या चंपाबाई दार ढकलून आल्या, चहाचा कप ठेवला, एक अक्षर न बोलता गेल्या. सकाळी चहाच्या आधी मला बोलवत नाही, हे त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं बहुतेक! काल मला मच्छीबाजारात घेऊन गेल्या आणि कल्ले उघडून बघत कोळणीला दटावलं, "हिला मासे कळत नाहीत म्हणून शिळे देऊ नकोस." मी तर त्यांना तसं काही बोलले नव्हते.

खोबरं मिक्सरमध्ये वाटलं. चांगलं झालं. वन्सं म्हणतात तितकं वाईट लागत नाही. थोडं लागतं.

३० मार्च

रेडिओ आणला. नव्या घराला थोडा आवाज पाहिजे.

भाजी रोज जास्त होते, मग मी ती चंपाबाईंना देते. एकटीचं माप हाताला अजून बसत नाही.

कोकमं कुठल्या बरणीत आहेत ते विचारायला वन्संना फोन केला. बरणी माझ्या समोरच होती हे नंतर दिसलं. बराच वेळ बोललो. त्या म्हणाल्या, "हय बरा आसा. माका काय्येक करूक लागणा नाय. बसान ऱ्हवाचा." मला हेवा वाटला. आयुष्यभर त्या बसल्या नाहीत.

मशीन खिडकीपाशी ठेवलंय. धूळ बसू नये म्हणून रोज पुसते.

२१ एप्रिल, रविवार

आज जे कळलं ते लिहिताना अजून राग येतोय. नक्की कुणाचा, ते ठरत नाही.

दुकानातून लवकर आले. चंपाबाई गॅलरीत कुरडया वाळत घालत होत्या, मी मदतीला बसले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "शेवंता कधी येतेय?"

"कोण शेवंता?"

"अगो, तुझी नणंद! आम्ही एका शाळेत. फेब्रुवारीत दोनदा येऊन गेली ना. तूच पाठवलंस असं म्हणाली."

माझ्या हातातली कुरडई मोडली. मग चंपाबाईंनी सगळं सांगितलं. वन्सं आल्या, रामदासांच्या कॉटवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मिरचीची पोती ठेवशाल तर अख्खो मजलो खोकतलो. माझी भावजय ठेवशाल तर दारात रांगोळी दिसात." रामदास तरी विचार करू म्हणाले. तर या तीन दिवसांनी परत हजर! मग मजल्यावरच्या सगळ्या बायकांना गोळा करून सांगून गेल्या, की माझी भावजय एकटी येतेय. सकाळी चहा घेतल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही, त्याचा राग मानू नका. तिला मासे कळत नाहीत, पहिले काही दिवस कुणीतरी बाजारात बरोबर जा. आणि ती दुखलं-खुपलं सांगत नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

"मी म्हटलं तिला," चंपाबाई म्हणाल्या, "तू पण ये की गो राहायला. तर म्हणाली, माका बोलावल्याशिवाय मी कशी येव?"

मी उठून घरात आले आणि श्रेयाला फोन लावला. तिला सगळं ठाऊक होतं! गुडघ्याच्या डॉक्टरचं पण!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आत्यानं शपथ घातली होती. आणि आई, तू तिला बोलावलंस का एकदा तरी?"

"त्यांनीच गावाला जाते म्हटलं. त्यांनी म्हणायला नको, की मला तुझ्याकडे राहायचंय?"

"ती कशी म्हणेल? आधी बाबांच्या घरात राहिली, मग तुझ्या. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घरात."

"डोंबिवलीचं घर त्यांच्याही नावावर होतं की!"

"कागदावर, आई. तू बघितलेल्या प्रत्येक घरात तिचं मशीन, तिचा गुडघा, तिचे मासे मोजलेस. फक्त तिला सांगितलं नाहीस."

फोन ठेवल्यावर खिडकीपाशी जाऊन मशीन पुन्हा पुसलं. मग रामदासांना पनवेलला फोन करून एक गोष्ट विचारली.

२९ एप्रिल, सोमवार. कणकवलीच्या पुढचं आमचं गाव

काल पहाटेच निघून इथं आले. न कळवता.

वन्सं पडवीत बसल्या होत्या, हात मांडीवर. मला बघून उठल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गॅस बंद करून इलंस?"

चुलतदीर-जाऊ माणसं चांगली आहेत. फारच चांगली. वन्सं भांडी उचलायला गेल्या की जाऊबाई म्हणतात, "तुम्ही बसा हो, पाहुण्या तुम्ही." चहा हातात देतात, आंघोळीचं पाणी काढून देतात. वन्सं सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहुण्यासारख्या बसतात. माझ्या वन्सं! ज्या डोंबिवलीत बसलेल्या मी फक्त आजारपणात पाहिल्या.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी विहिरीकडे गेलो. मी एकदम सुरुवात केली, "माझ्या नावानं परस्पर खोट्या थापा मारून येता? मी पाठवलं म्हणून?"

"चंपान सांगितल्यान वाटता. तोंड म्हणान नाय त्या बायेचा."

"गुडघ्याचा डॉक्टर!"

"मगे काय सांगू? तुझो जीव थय अडकलेलो. माका दिसत नव्हता?"

"तुमचाही अडकला होता. म्हणून तर बघायला आला नाहीत."

त्या खाली वाकल्या. विहिरीच्या काठावरची सुकी पानं उगाच बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "वैशाली, मी बापाच्या घरात ऱ्हवलंय. भावाच्या घरात ऱ्हवलंय. आता म्हातारपणी भावजयच्या घरात ऱ्हवाक माका लाज वाटता."

मी दोन दिवस घोकून आले होते ते बोलून टाकलं. "फुकट कोण ठेवतंय तुम्हाला? पोटमाळा करायचाय, मोरी नवी करायचीय, त्यात तुमचा वाटा घाला. रामदासांनी मालकाला विचारलंय, भाडेपावतीवर दुसरं नाव घालता येतं. मी पाहुणी न्यायला आले नाही. अर्धं घर रिकामं आहे, त्याची धनीण न्यायला आले."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मग नाक पुसलं, आणि विचारलं, "पाण्याचो पिंप खय ठेवलंस?"

"दाराजवळ."

"दाराजवळ! येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात? अक्कल म्हणान नाय तुका."

"मग या आणि हलवा."

"उद्या नाय येवचंय," त्या म्हणाल्या. "आंबे उतरवूचे आसत. ह्या लोकांका आढी घालूक येणा नाय." आणि तशाच घरात जाऊन, जाऊबाईंना सांगून कोयती शोधायला लागल्या. पाहुणेपण संपलं.

२८ मे, मंगळवार

काल वन्सं आल्या. दादरला उतरवून घेतलं. ट्रंक, पिशवी आणि आंब्यांची पेटी. टॅक्सीवाल्यानं रस्ता खणलाय म्हणून आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. म्हटलं ठीक आहे, पाच मिनिटांचं तर चालणं. ट्रंक वाण्याच्या दुकानात ठेवली, पेटी मी उचलली.

पण वन्संबरोबर त्या रस्त्यानं चालणं म्हणजे काय, ते मला आता कळलं. पिठाच्या गिरणीपाशी कुणीतरी ओरडलं, "शेवंता!" तिथं थांबलो. पुढे फुलवालीनं हात धरला. मग शिंप्यानं दुकानातून बाहेर येऊन चष्मा लावून बघितलं, मग काढून बघितलं. कोण वारलं, कुणाची नात इंजिनियर झाली, कुणाची खोली विकली गेली, सगळं उभ्या-उभ्या. माझे हात पेटीनं भरून आले होते. मी कठड्याला टेकून उभी होते, कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं, आणि मला हसू आवरत नव्हतं.

आमच्या इमारतीच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले असतात. रोज माझ्याकडे बघून मान हलवतात, बोलत कधी नाहीत. त्यांनी वन्संना नीट न्याहाळलं.

"परबांची शेवंता ना गो? किती वर्षांनी! कुणाकडे इलंस?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पायरी चढता चढता म्हणाल्या,

"कुणाकडे म्हणजे? घराक इलंय."